ओबेडाया टेटच्या थडग्यावरची चकती

दिवा जरा बारीक कर, क्लेटन, किडे येतात. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझ्याबरोबर गिरणीत वेंडेल पुरिफॉय होता, त्याचीच ही गोष्ट. २०२३ सालच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सैनिकांचा स्मृतिदिन. तिन्हीसांजेला त्याच्या ऑगस्टा मावशीनं त्याला बोलावून घेतलं. मावशी अंथरुणाला खिळलेली. आपल्या गावात ते बायकांचं मंडळ होतं ना, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशातल्या? त्यातली ती शेवटची. बाकीच्या सगळ्या टेकडीवरच्या दफनभूमीत.

"त्या पांढरे हातमोजे घालून मिरवायच्या, त्याच ना?" क्लेटननं विचारलं.

त्याच. मंडळ सुरूच झालं ते ओबेडाया टेटच्या थडग्यापासून. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी तिथं सळई रोवून पितळी चकती बसवली, इथं शूर सैनिक झोपलाय म्हणून. दर स्मृतिदिनाला झेंडा, भाषण, टाळ्या. पुढं मंडळाचा इतिहास लिहायला मावशी बसली आणि तिला कळलं, हा तो टेट नव्हेच. हा त्याच नावाचा त्याचा चुलता, लढाईच्या काळात घरी बसून दारू गाळणारा. खरा सैनिक ओढ्यापलीकडं, कोऱ्या दगडाखाली.

"चकती काढ आणि त्याला नेऊन लाव," मावशीनं थरथरत्या हातानं वेंडेलची बाही धरली. "हे खोटं बरोबर घेऊन मला त्या बायकांशेजारी झोपायचं नाही."

"उद्या सकाळी उठून लावतो की, मावशी."

"सकाळपर्यंत मी आहे, असं डॉक्टर तुझ्या कानात बोलला का? ऊठ!"

साडेनऊच्या सुमाराला वेंडेल टेकडीवर पोचला. अर्धा चंद्र होता. वारा पडलेला. विजेरी गवतात ठेवून त्यानं सळईभोवतीची लाल माती मोकळी केली. दोन्ही हातांनी सळई धरली.

तेव्हा टाळ्या ऐकू आल्या.

मोठ्या नाहीत. हातमोज्यांतल्या. मऊ. थप... थप... थप...

त्यानं सळई ओढली. टाळ्या थांबल्या.

"मग, काका?" क्लेटन पुढं सरकला.

मग... त्याच्या हातांवर एक हात आला. कापडाचा. मग दुसरा. मग आणखी. दिसत काहीच नव्हतं. जोरही नव्हता रे. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा, तसा एकेक हात. नुसते खाली दाबत होते. वेंडेल म्हणजे सरकीची पोती एकट्यानं उचलणारा गडी. सळई तसूभर हलेना. उलट खाली चालली...

"अहो, तिनंच पाठवलंय मला," तो रडकुंडीला आला. "तुमच्या ऑगस्टानंच!"



तेवढ्यात अजून दोन हात आले. सगळ्यांच्या वर. ते थरथरत होते.

वेंडेलनं सळई सोडली. चकती मातीला टेकली होती.

घरी आला, तर सोबतीची शेजारीण दारातच उभी. मावशी गेली होती.

"वेंडेल, हे तू घातलेस तिला?"

मावशीच्या हातांत पांढरे हातमोजे. बोटं इतकी वाकडी झालेली, की कित्येक वर्षांत ते चढले नव्हते.

वेंडेलनं तिचा हात उलटा केला.

तळव्यावर लाल माती... ओली.