वरच्या ‘सा’च्या आधी

राजेश्वरीचा आवाज तिसऱ्यांदा त्याच जागी फाटला, तेव्हा कांद्याच्या वाफ्यातून कुणीतरी म्हणालं, “गळ्याला कशाला दोष देता... खांदे बघा की तुमचे. कानाला टेकल्यात.”

ती दचकली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात पाण्याच्या टाकीमागे सकाळी सातला चिटपाखरू नसतं, म्हणून तर ती रियाजाला इथे येत होती. वाफ्यातून एक उंच मुलगा उभा राहिला. कानाला मफलर, हातात मोजपट्टी.

“चोरून ऐकत होतात?” तिनं विचारलं.

“रोपांची उंची मोजत हुतो. गानं आपोआप कानात आलं.” तो संकोचून हसला. “मी कल्याण. एम.एस्सी.ला हाय.”

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या युवा महोत्सवात भावगीताच्या अंतऱ्यात, वरच्या ‘सा’ला, तिचा आवाज तुटला होता. गाणं अर्धवट टाकून ती मंचावरून उतरली होती, आणि मागून आलेलं हसू अजून तिच्या पाठीवर होतं. यंदाची संधी शेवटची. महोत्सवाला आठ दिवस उरले होते.

“मग काय करू खांद्यांचं?” ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

“सोडून द्या.”

त्यानं मोजपट्टी खाली ठेवली. हात मनगटापासून झटकले, खांदे वर उचलून धपकन् सोडले, मान सावकाश एका बाजूला टेकवली, मग दुसऱ्या. तळहातांनी जबडा सैल केला आणि तोंड उघडून एक लांबलचक जांभई दिली. राजेश्वरीला हसू आवरेना... आणि हसता हसता तिलाही जांभई आली.

“हां. आता गा.”

तिनं गायलं. सूर वर पोचला नाही, पण फाटलाही नाही.

“कुठं शिकलात हे?”

“आईकडनं.” तो वाफ्याकडे बघत म्हणाला. “माझी आई ऊसतोडीला जाती. डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं... दिवसभर. एक ट्रक भरला की ती अशीच मान, खांदे, जबडा मोकळा करायची. म्हनायची, आखडलेल्या अंगानं काहीच होत न्हाई.”

राजेश्वरीचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. कोपरगावला तिच्या वडिलांचा तीस एकर ऊस होता. दर हिवाळ्यात बांधावर ऊसतोड टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. त्या बायकांच्या मानेकडे तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं.

मग रोज सकाळी सात वाजले की दोघं टाकीमागे. धुक्यात हात झटकायचे, मान फिरवायची, ओठ फुरफुरवत ‘बुर्रर्र’ करायचं, मिटल्या तोंडानं गुणगुणायचं.

“मी कशी दिसते हो हे करताना?” चौथ्या दिवशी तिनं विचारलं.

“मी बघितलंच न्हाई. डोळे झाकून करायचं असतंय.”

“खोटं. काल एक डोळा उघडा होता.”

“एकच हुता,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

“उद्या दोन्ही उघडे ठेवा,” ती म्हणाली, आणि पुढचं ‘बुर्रर्र’ तिला हसण्यामुळे जमलंच नाही.

महोत्सवाच्या दिवशी तो कुठे दिसलाच नाही. मंचामागे तिनं चारदा दाराकडे पाहिलं. खांदे पुन्हा वर चढू लागले. शेजारी नटूनथटून स्पर्धक उभे होते. त्यांच्यासमोर तोंड वेडंवाकडं करायचं? क्षणभर ती थांबली... मग पदर कमरेला खोचला आणि हात झटकायला लागली. खांदे, मान, जबडा. मोठी जांभई. ‘बुर्रर्र’ केल्यावर दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. तिनं डोळे मिटून आणखी एकदा केलं. पोटात उतरलेला श्वास थेट टाचेपर्यंत गेल्यासारखा वाटला. आणि मग तिचं नाव पुकारलं गेलं.

अंतरा आला. वरचा ‘सा’ तिनं ओढून आणला नाही. तिनं तोंड उघडलं आणि तो आला, स्वच्छ, भरदार... आणि तिला हवा तेवढा वेळ थांबला. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेपर्यंत निवेदकाला बोलता येईना.

पहिला क्रमांक. चषक घेऊन ती बाहेर आली, तर पायऱ्यांशी कल्याण उभा. शेजारी नऊवारीतली एक सावळी, काटक बाई.

“आई. लंकाबाई,” तो म्हणाला. “कारखान्यावरनं आनायला गेल्तो. गाडी चुकली, उशीर झाला. पर गानं सगळं ऐकलं आमी, मागं उभं राहून.”

लंकाबाईंनी खरबरीत हातांनी तिचा चेहरा ओंजळीत धरला. “लई मोकळी गायलीस गं बाई,” एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत पाणी प्यायला नळाकडे गेल्या.

“आईंना का आणलंत?” राजेश्वरीनं हळूच विचारलं.

“तुमचं गानं ऐकवायला.”

“फक्त गाणं?”

त्यानं नळाकडे, आईकडे पाहिलं. “न्हाई,” तो म्हणाला. “तुम्हाला दाखवायला. पर... तुमच्या वडलांच्या उसात तिनं कोयता चालवलाय, राजेश्वरी. परवाच फोनवर तुमचं गाव-आडनाव सांगितलं, तवा बोलली ती. हे तुम्हाला आधी कळायला पायजे. मगच मी म्हननार, की तुमी मला लई आवडता.”

“आता म्हणालास ना,” ती म्हणाली. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, तिलाच कळलं नाही. “मलाही तू आवडतोस. आणि मला घरच्यांपासून काही लपवायचं नाही.”

तिनं चषक त्याच्या हातात दिला, मोबाईल काढला आणि तिथेच, पायरीवर उभी राहून घरी फोन लावला.

“पप्पा, पहिली आले... हो, खरंच. आणि रविवारी घरीच थांबा. ज्यांच्यामुळे गायले, त्या दोघांना जेवायला घेऊन येतेय. त्यातल्या एकाशी मला लग्न करायचंय.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग वडिलांचा आवाज आला, “आधी गाऊन दाखव मला ते गाणं. मग बोलू.”

राजेश्वरीनं कल्याणचा हात धरला, आणि तिथेच, फोनवर, गायला सुरुवात केली.