ताणाचे रंग

पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात आता दोन जावा भिंतीच्या दोन बाजूंना बसून मूर्तींचे डोळे आखत. भिंत पारदर्शक होती. आखणीला उत्तरेचा उजेड लागतो, आणि वाटणीत तो सोडायला दोघीही तयार नव्हत्या.

भिंत बसवणाऱ्याने धाकट्या हेमांगीला बजावलं होतं, "ही काच नाही, पॉलिकार्बोनेट आहे. वजनाला काचेच्या निम्मं, पण हातोडा मारलात तरी फुटायचं नाही. आवाजही पलीकडे जाणार नाही. आत ताणदर्शी थर आहे, दाब पडेल तिथे रंग उमटेल, हलक्या दाबाला पिवळा, जोराच्या दाबाला लाल. फक्त थिनर लावू नका."

पण कारखान्यात सगळंच थिनरने पुसतात. रंगाचे शिंतोडे उडाले, हेमांगीने सवयीने चिंधी फिरवली, आणि कोपऱ्यात दुधाळ तड्यांचं जाळं पसरलं.

रस्त्यावरच्या सामाईक नळावर थोरल्या नलूवहिनी म्हणाल्या, "भिंत पुसता येत नाही, आणि निघाली देवाचे डोळे आखायला."

"तुमच्यासारखे तिरळे तर नाही ना आखत."

त्यानंतर बोलणं भिंतीवरच. पलीकडून मूठ आपटली की लाल फूल उमटे. हेमांगी हातोडीने त्याहून मोठं उमटवून, पलीकडे न बघता परत कामाला लागे.

आज दुपारी फूल उमटलं ते पिवळं. तळव्याएवढं, आणि हळूहळू खाली घसरणारं. असा कसा हिचा राग, म्हणून तिने मान वळवली. नलूवहिनी जमिनीवर होत्या, एक हात भिंतीला, दुसरा छातीवर. कारागीर जेवायला गेलेले. नक्कल होऊ नये म्हणून आखणीच्या वेळी त्यांच्या बाजूच्या शटरला आतून कुलूप.

हेमांगीने अँब्युलन्सला फोन लावला आणि हातोडी उचलली. घावागणिक लाल फुलं उमटत गेली, जणू भिंत तिलाच हसत होती. मग तिची नजर त्या दुधाळ कोपऱ्यावर गेली. तिने थिनरचा डबा तिथे उपडा केला. तडे करकरत पसरले, घाव बसत राहिले, आणि शेवटी माणूस सरपटेल एवढं भगदाड पडलं. ती त्यातून नलूवहिनींपाशी पोचली.

"वहिनी, डोळे मिटू नका. बोलत राहा. शिव्या द्या हवं तर."

नलूवहिनींची नजर भगदाडातून पलीकडच्या, हेमांगीच्या मोठ्या मूर्तीवर खिळली होती.

"डावा डोळा... तिरळा झालाय तुझा. आठवडाभर ठोकून सांगतेय."

हेमांगीने वळून पाहिलं. खरंच तिरळा होता.

मग त्या सगळ्या लाल फुलांत रागाची अशी किती होती?