शिजलेला डाग

नववर्षाला पाच दिवस उरले होते आणि काशान शहराने प्रथेप्रमाणे आपले सारे गालिचे धुऊन भिंतींवर वाळत टाकले होते. रंगांनी ओथंबलेल्या त्या गल्लीतून एक काळी आकृती धावत आली आणि माहमनीर खानमच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली.

दार उघडले नुसरतुल्ला यांनी. हे शेजारचे निवृत्त औषधविक्रेते. माहमनीर खानमनी पंचवीस वर्षे न्यायालयासाठी डाग तपासले होते आणि आता त्या लोकांचे खासगी तपास हाती घेत. नुसरतुल्ला प्रत्येक तपासात सोबत असत आणि प्रत्येक तपासात भलत्याच माणसावर संशय घेत.

"खानम, माझ्या सासऱ्यांना शोधा," धापा टाकत ती तरुण स्त्री म्हणाली. "ते पहाटेपासून नाहीत. त्यांच्या खोलीत रक्त आहे. बारा वाजता माझे दीर पोलिसांना बोलावणार आहेत. म्हणतात, मीच त्यांना मारलं."

"मारलंस?"

"नाही!"

"मग चल. नुसरत आगा, बूट घाला. दोन्ही एकाच जोडीचे घाला."

चालता चालता तिने सांगितले. तिचे नाव तूरान. तिचा नवरा हूशंग तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला, आणि तेव्हापासून ती आणि तिचे वृद्ध सासरे यदुल्ला असे दोघेच त्या घरात राहत होते. आज पहाटे ती रोटीच्या रांगेत उभी राहायला गेली. तासाभराने परतली तर सासऱ्यांची खोली रिकामी आणि गालिच्यावर ओला, लालसर डाग.

"आणि तू तो धुवायला बसलीस?" नुसरतुल्लांनी भुवया उंचावल्या. "आधी माणूस शोधायचा की डाग?"

"शोधलं ना, आगा. गच्चीवर, हौदात, गल्लीत. मग हातांना काहीतरी करायला हवं होतं." तिने आपली बोटे पाहिली. थंडीने ती अजून लाल होती. "मी गालिचे धुणाऱ्याची मुलगी. फ्रिजमधला सगळा बर्फ ओतला, मीठ चोळलं. पण डाग निघेना. रक्त शिजलं होतं. तेवढ्यात माझी नणंद आली आणि तिने मला बादलीसकट पाहिलं."

"तीन वर्षं झाली. अजून काळे कपडे?" माहमनीर खानमनी विचारले.

"आगाजाननी, माझ्या सासऱ्यांनी, काळं उतरवलं नाही. मग मी कशी उतरवू?"

*

यदुल्लांची खोली उजेडाने भरलेली होती. खिडकीपाशी, जुन्या गालिच्याच्या निळ्या वेलीवर, तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. माहमनीर खानम गुडघ्यांवर बसल्या आणि नाक थेट डागावर टेकवले.

"साबण," त्या पुटपुटल्या. मग नखाने गालिच्याच्या लवीतून दोन आखूड पांढरे तंतू उचलून त्यांनी रुमालात ठेवले.

"लोकर," नुसरतुल्ला म्हणाले. "जुना गालिचा झडणारच."

"या गालिच्यात पांढरा धागाच नाही, नुसरत आगा."

खिडकीच्या बुटक्या कट्ट्यावर एक आरसा उजेडाकडे तोंड करून टेकवला होता, आणि भिंतीवर रिकामा खिळा होता. खुंटीवर काळा सदरा लटकत होता. उशाशी फोन आणि गोळ्यांची बाटली होती. नुसरतुल्लांनी बाटली डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"रक्त पातळ करणारी गोळी. असल्या माणसाला ओरखडा आला तरी रक्त लवकर थांबत नाही. खानम, मला लक्षण चांगलं दिसत नाही."

"तुम्ही आज फार उपयोगी बोललात," माहमनीर खानम म्हणाल्या. नुसरतुल्ला खूश झाले. का, ते मात्र त्यांना कळले नाही.

बैठकीत यदुल्लांची मुलगी अख्तर फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून रडत होती.

"मी आले तेव्हा ही बाई गालिचा घासत होती," ती म्हणाली. "सकाळचा चहासुद्धा नाही! चहाच्या पाण्याचा समोवर रात्री भरून उकळत ठेवलेला असतो. आज पाहिला तर तळाशी घोटभर पाणी. एवढं पाणी गेलं कुठं? रक्त धुवायलाच ना?"

"तिने वडिलांना का मारावं?"

"स्थळ आलंय तिला! शाळेतले मास्तर. गेल्या आठवड्यात त्यांच्या आईने बाबांना विचारलं. बाबा एक शब्द बोलले नाहीत, उठून आत गेले. त्यांची संमती कधीच मिळणार नाही, हे हिला कळून चुकलं."

तूरान दारात उभी होती. तिने मान वर केली नाही. तो प्रश्न तिच्यापर्यंत कोणी आणलाच नव्हता, एवढेच तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

मोठा मुलगा कियूमर्स हातातल्या घड्याळाकडे पाहत येरझाऱ्या घालत होता. "मी काही शोधायचं बाकी ठेवलं नाही, खानम. दवाखाने झाले, मशीद झाली. बसस्थानकावर फोटो दाखवला. हूशंगची कबर आहे तिथला राखणदार मश्दी सफर नवीनच आलाय, बाबांना ओळखत नाही. म्हणून त्यालाही फोटो पाठवला. कोणीही पाहिलं नाही. आणि हे बघा, ही दाढी लपणारी आहे का?"

फोटोत एक कृश म्हातारा होता. छातीपर्यंत उतरलेली शुभ्र दाढी, अंगात काळा सदरा.

"कधीपासूनची?"

"हूशंग गेला तेव्हापासून. शिवाय ते काळ्या सदऱ्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. सदरा खुंटीवर आहे. म्हणजे ते आपल्या पायांनी बाहेर गेलेच नाहीत." त्याने तूरानकडे बोट दाखवले. "त्यांना नेलंय. कसं आणि कुठं, ते हिला विचारा."

"पावणेबारा झाले," अख्तर म्हणाली.

"पुष्कळ वेळ आहे," माहमनीर खानम शांतपणे म्हणाल्या. "सगळे बसा. तूरान, तूसुद्धा. त्या मश्दी सफरचा नंबर मला द्या."

*

"रक्तात अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा अंश असतो," त्यांनी सुरुवात केली. "थंड पाण्यात तो सुटतो. गरम पाण्यात तो अंड्यासारखाच शिजतो आणि धाग्याला कायमचा धरून बसतो. हा डाग शिजलेला आहे. म्हणजे त्यावर कढत पाणी पडलं. समोवरमधलं. अख्तर, तुझं तेवढं बरोबर होतं."

"बघा!"

"पण गालिचे धुणाऱ्याची मुलगी रक्तावर गरम पाणी ओतेल का? तिची बोटं बघ, बर्फाने सुजली आहेत. ती आली तेव्हा डाग शिजून झाला होता. ती तुमचा गालिचा वाचवायला धडपडत होती."

"मग गरम पाणी कोणी ओतलं?" कियूमर्सने विचारले.

"ज्याने आयुष्यात कधी गालिचा धुतला नाही, त्याने. डागाला साबणाचा वास आहे. भिंतीवरचा आरसा खिडकीत आला आहे, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर. गरम पाणी, साबण, आरसा, पहाटेचा उजेड. नुसरत आगा, तुम्ही रोज सकाळी हे सगळं मांडून काय करता?"

नुसरतुल्लांचा हात आपोआप स्वतःच्या गुळगुळीत गालावर गेला. "या अल्ला!"

माहमनीर खानमनी रुमाल उलगडला. ते पांढरे तंतू आता सर्वांना ओळखू आले.

"यदुल्लांनी दाढी केली. तीन वर्षं हात सुटलेला, त्यात रक्त पातळ करणारी गोळी. हनुवटीला जरासं कापलं आणि धार लागली. घाईघाईने त्यांनी दाढीचंच उरलेलं कढत, साबणाचं पाणी डागावर ओतलं, केस गोळा केले आणि निघाले. सदरा खुंटीवर राहिला, कारण आज तो त्यांनी जाणूनबुजून उतरवला होता."

"आणि आपण शहरभर दाढीवाल्याला शोधतोय," कियूमर्स हळूच म्हणाला.

"काळ्या सदऱ्यातल्या."

माहमनीर खानमनी फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून मश्दी सफरचा खरखरीत आवाज आला. "दाढीवाला नाही आला, बाई, किती वेळा सांगू?"

"दाढीवाला नको. गुळगुळीत हनुवटीचा म्हातारा. हनुवटीवर कापूस. कपडे काळे सोडून कुठल्याही रंगाचे."

"असं नीट विचारा की! तो राखाडी कोटवाला. पहाटेच आला होता. एका कबरीपाशी तासभर बसून बोलत होता. मी म्हटलं, आजोबा, उत्तर येतंय का? तर म्हणाला, 'परवानगी मागायला आलो होतो, मिळाली.' मग विचारलंन, बायकांच्या कापडाची दुकानं किती वाजता उघडतात."

अख्तरने तोंडावर पदर धरावा तसा रुमाल ओढून घेतला. कियूमर्स भिंतीला टेकून खाली बसला.

"दुखवटा घरातल्या मोठ्यांनी उतरवायचा असतो," माहमनीर खानम म्हणाल्या. "रंगीत कापड आणून त्यांनी दिलं, की धाकट्यांनी काळं सोडायचं. यदुल्ला त्या आईसमोर गप्प बसले, कारण आधी त्यांना मुलाला विचारायचं होतं."

तूरानच्या खांद्यांवरून काहीतरी अवजड, दिसत नसलेले, हळूहळू घसरत गेले.

"तूरान," कियूमर्स जमिनीकडे पाहत म्हणाला, "माझी जीभ झडो."

"आधी त्यांना येऊ दे घरी," ती म्हणाली. "मग बघते तुमच्याकडे."

बाराला चार मिनिटे असताना दार वाजले. आत आला तो चेहरा घरातल्या कोणालाच चटकन ओळखू येईना. तो फार लहान आणि फार उघडा वाटत होता. यदुल्लांनी एवढी माणसे पाहिली आणि ते गोंधळले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही, बाबा!" अख्तर रडता रडता ओरडली. "कोणीच नाही!"

त्यांना नीट समजले नाही. त्यांनी कागदाचे पुडके तूरानच्या हातात दिले. "घे, पोरी. तीन दुकानं फिरलो. दुकानदार म्हणाला, तरुण मुली हल्ली हेच घालतात."

तिने दोरी सोडली. आत पोपटी कापड होते आणि त्यावर, एकेक वांग्याएवढी, भडक नारिंगी फुले.

मग तूरानच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. नुसरतुल्ला पाणी आणायला धावले, कारण त्यांना वाटले की ती रडते आहे.

"आगाजान," ती हसता हसता वाकली होती, तिला उभे राहता येत नव्हते, "हे घालून मी मास्तरांच्या आईसमोर गेले, तर स्थळ मोडेल हो!"

"मोडू दे," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "ज्याला हे चालेल, त्यालाच देईन."