मोगऱ्याची जांभळी कड

चैत्र लागला की शिरीषरावांना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहावं लागे. तृतीयेला त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई गौर झोपाळ्यात बसवत, आणि त्या पितळी झोपाळ्याला हॉलमधला जो कोपरा लागे तो नेमका शिरीषरावांच्या आरामखुर्चीचा असे. मग खुर्ची परसदाराशी जाई, ओट्यावर कैऱ्यांचा ढीग पडे, पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजे, आणि महिनाभर कॉलनीतल्या बायकांचा राबता सुरू होई. "देवी तुझी, विस्थापित मात्र मी," असं ते दरवर्षी म्हणत. बाई दरवर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करत.

यंदा ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नाही. गौर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परसातून फुलांची परडी घेऊन आत आल्या आणि शिरीषरावांचं लक्ष मोगऱ्याकडे गेलं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या, पण प्रत्येकीच्या कडेला एक बारीक जांभळी रेघ होती. सहज बघणाऱ्याला ती दिसलीही नसती. शिरीषरावांनी चष्मा पुसून एकेक फूल पुन्हा तपासलं.

कारण तो साधा मोगरा नव्हता. त्याला श्वासमोगरा म्हणत. म्हातारपणी मेंदूत विसरण्याचा आजार मूळ धरू लागला, की घरच्यांना कळण्याच्या कितीतरी आधी तो माणसाच्या श्वासात उतरतो. काही अगदी सूक्ष्म वायू उच्छ्वासातून बाहेर पडू लागतात. साताऱ्यात नव्यानं निघालेल्या वार्धक्य केंद्रानं या वायुखुणा ओळखणारं झाड आणलं होतं, मोगऱ्याच्या जनुकांत फेरफार करून केलेलं. एका झाडाला एकच माणूस. त्यानं रोज झाडाशी तोंड नेऊन मनसोक्त वास घ्यायचा आणि श्वास सोडायचा. माणूस निरोगी असेल तर बहर पांढरा येई. नसेल, तर कड जांभळी येई. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेल्या शिरीषरावांना ही कल्पना इतकी आवडली होती, की गेल्या गणपतीत त्यांनी कुंडी स्वतः मांडीवर ठेवून रिक्षातून आणली.

कुंडी होती वैजयंतीबाईंच्या नावाची. त्यांच्या आईला शेवटी शेवटी स्वतःच्या मुलीची ओळख राहिली नव्हती. "तुम्ही कुणाकडच्या?" असं ती बाईंना अदबीनं विचारी. ते शिरीषरावांनी समोर बसून पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हा किडा होता.

"फुलं आज वेगळी दिसतायत," ते शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाले.

"दिसतायत खरी," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग ती फुलं गौरीपुढे ठेवून डाळ वाटायला निघून गेल्या. हिला कळलेलंच नाही, असं शिरीषरावांना वाटलं. केंद्रात कळवायला हवं होतं, तसं त्यांनी कळवलंही. पण तिथून माणूस यायला चार दिवस होते, आणि ते चार दिवस त्यांनी बायकोवर पाळत ठेवण्यात घालवले.

पाळत ठेवली की काही ना काही सापडतंच. त्याच संध्याकाळी खुर्चीत लागलेली डुलकी मोडली तेव्हा परसात मोगऱ्यापाशी एकाऐवजी दोन निरांजनं तेवत होती. एक लावलेलं विसरून हिनं दुसरं लावलं असणार. गौरीपुढे सकाळची फुलं असताना आणखी दोन ताजी फुलं ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी हळदीकुंकवाला आल्या आणि पन्ह्याचा पहिला घोट घेताच त्यांचे चेहरे आंबट झाले. पन्ह्यात गूळच नव्हता. "राहिला वाटतं," असं म्हणून बाईंनी शिरीषरावांकडे पाहिलं आणि पेले परत नेले. तिसऱ्या दिवशी तर कमाल झाली. त्यांच्या कुडत्याच्या खिशात जळक्या काड्या निघाल्या. घरात लायटर असताना काड्या कुठून आल्या, आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना त्या खिशात कुणी ठेवल्या? शिरीषरावांनी त्या कचऱ्यात टाकल्या आणि बायकोला काही विचारलं नाही. विचारून तिला लाजवायचं कशाला?

ते भ्यायले होते. साध्या शब्दांत सांगायचं तर ही बाई आपल्याला ओळखेनाशी झाली तर आपण जगायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर देवाचा धावा केला असता. शिरीषरावांना तीही सोय नव्हती. त्यांचं देवाशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. लग्नानंतरच्या पूजेला त्यांनी गुरुजींना इतके प्रश्न विचारले, की पूजा संपेपर्यंत प्रसादाचा शिरा गार झाला. बाई सुरुवातीला रुसल्या, मग त्यांनी विनवण्या केल्या, आणि पुढे विषयच सोडून दिला. एकच मागणं त्यांनी कधी सोडलं नाही. दिवेलागणीला एकदा, एकदाच, यांनी माझ्या शेजारी हात जोडून उभं राहावं. शिरीषराव हसून पेपरात डोकं घालत.

चौथ्या दिवशी दुपारी केंद्रातली नसीमा आली. महिन्यातून एकदा ती येत असे, आणि या घरातली कैरीची डाळ तिला फार आवडे. आज तिनं आधी परसात जाऊन मोगरा पाहिला, एक फूल लहानशा नळीत घातलं, नळीचा रंग पाहिला, आणि मग आत येऊन बाईंजवळ बसली.

"काकू, घाबरायचं नाही. खूप लवकर कळलंय. सोमवारपासून इंजेक्शनं सुरू करू. आजार आहे तिथं थांबतो. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं वाचतं."

"आणि निरोगी माणसाला दिलं तर?" बाईंनी विचारलं.

"छे! देतच नाही. निरोगी मेंदूला सूज येते त्यानं, जिवावर बेततं. म्हणून तर एका झाडाला एकच माणूस."

शिरीषरावांनी बायकोचा हात घट्ट धरला. बाईंनी तो सोडवला नाही, पण त्यांचं लक्ष गौरीकडे होतं.

"नसीमा, मग थांब," त्या म्हणाल्या. "मी त्या मोगऱ्याचा वास कधी घेतलेलाच नाही."

"असं काय करतेस वैजू? रोज सकाळी तूच तर जातेस."

"फुलं तोडायला जाते. देवाला वाहायचं फूल हुंगत नाहीत. आईनं लहानपणी हातावर चापट मारून शिकवलंय ते. या नसीमानं मला सगळं समजावलं, मी मान डोलावली. म्हटलं पोरगी इतकं तळमळून सांगतेय, हिला कशाला दुखवा! पण दारात मोगरा फुलला असताना माझ्या देवांना उष्ट्या वासाची फुलं घालू?"

शिरीषरावांनी नसीमाकडे पाहून हळूच मान हलवली. बघ, हेही विसरली, असं त्यांना सांगायचं होतं. नसीमाच्या ते ध्यानातही आलं नाही. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, कड आलीये म्हणजे कुणाचा तरी श्वास रोज त्या झाडाला मिळालाय. कुणाचा?"

 बाईंचे डोळे भरून आले. "यांचा," त्या म्हणाल्या.

शिरीषराव चक्क हसले. "मी? मी त्या झाडाकडे फिरकतसुद्धा नाही."

"रोज दिवेलागणीला जाता. तुम्हाला वाटतं खुर्चीत डुलकी लागली. पौषापासून चाललंय हे. झाडाला तेव्हा नुसती पानं होती. तुम्ही उठता, माझ्याआधी निरांजन लावता, तेही काडीनं, तुमच्या आई लावायच्या तसं. मग मोगऱ्यात तोंड घालून उभे राहता आणि हात जोडून आईंची सांजवेळची प्रार्थना म्हणता. सगळी म्हणता. मलासुद्धा ती सगळी येत नाही. आता बहर आलाय तर दोन फुलं तोडून, वास घेऊन गौरीपुढे ठेवता, खुर्चीत येऊन बसता, आणि जरा वेळानं मला विचारता, वैजू, दिवा लावलास का?"

"काहीतरीच."

"हुंगलेली फुलं असतात ती. पण मी एकदाही काढली नाहीत. तुमच्या निरांजनाशेजारी माझं लावते. आणि पन्ह्यात गूळ घालायला मी तुम्हालाच सांगितलं होतं."

शिरीषरावांचा हात आपोआप कुडत्याच्या खिशात गेला. कुडता सकाळी धुतलेला होता, तरी त्याच्या शिवणीत काडीचं एक काळं टोक अडकलेलं होतं. ते त्यांनी काढून तळहातावर ठेवलं. चार दिवस ज्या पुराव्यांनी त्यांची झोप उडवली होती, ते एकेक करून त्यांच्याच दाराशी परत आले होते.

"पौषापासून," ते म्हणाले. "आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? पहिल्या दिवशी मला वाटलं, देव पावला. चाळीस वर्षं मी एवढंच मागत होते. बोलले असते तर तुम्ही ओशाळून थांबला असता. म्हणून दारामागं उभी राहून बघायचे आणि खुश व्हायचे." बाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग कड आली. त्याच क्षणी मला कळलं मी इतके दिवस कशावर खुश होत होते. तेव्हापासून तोंड उघडवत नव्हतं माझं."

 झोपाळ्यातली गौर वाऱ्यानं जराशी हलत होती.

"नुसती प्रार्थनाच म्हणतो?" शिरीषरावांनी विचारलं.

"आधी नुसती प्रार्थनाच म्हणायचात. कड आल्यापासून शेवटी एक वाक्य जास्तीचं म्हणता." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिचं विसरणं मला दे, असं म्हणता."

आयुष्यभर योगायोगाला योगायोगच म्हणणाऱ्या त्या माणसानं दाराबाहेरच्या कुंडीकडे पाहिलं. मग त्यानं नसीमाला विचारलं, "मी असा जाऊन उभा राहतो, तो आजार समजायचा का?"

"काका, झाडाला नुसता वायू कळतो," नसीमा म्हणाली. "त्याच्यापुढचं मला तरी कुठं कळतंय?"

"औषधानं हे थांबेल?"

"काही सांगता येत नाही. काहींच्या नव्या सवयी जातात, काहींच्या राहतात."

सोमवारी नसीमा आली ती शिरीषरावांच्या इंजेक्शनाबरोबर दुसरी कुंडी घेऊन. हीही वैजयंतीबाईंच्या नावाची. बारीक हिरव्या कळ्यांवर आलेली, दोन-तीन आठवड्यांत निकाल सांगणारी. आईचा आजार मुलीत उतरला आहे की नाही, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीच्या झाडानं त्यांचा श्वास कधी पाहिलाच नव्हता. बाई सकाळी तिच्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. मग गौरीकडे वळून म्हणाल्या, "हे झाड तुझं नाही हं, आई. रागावू नकोस." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोगऱ्यात तोंड घातलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा चोरी केलेल्या पोरीसारखा झाला होता. अजून न उमललेल्या झाडालाही स्वतःचा एक वास असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

इंजेक्शनांचा गुण दिसू लागला. शिरीषरावांना आदल्या दिवशीचं जेवण आठवू लागलं, किल्ल्या जागच्या जागी सापडू लागल्या, पन्ह्यात गूळ पडू लागला. दिवेलागणीची डुलकीही गेली. ते खुर्चीत टक्क जागे बसून राहत, आणि बाई परसात जाऊन एकच निरांजन लावून येत. नवरा परत मिळत होता, ही काय थोडी गोष्ट होती? तरी आत येताना दारामागं त्यांचं पाऊल अडखळे. तिथं थांबून बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. आपण कसलं दुःख करतोय याची त्यांना लाज वाटे, आणि दुःख मात्र होतच राही.

अक्षय तृतीयेला शेवटचं हळदीकुंकू झालं. बायका ओट्या भरून गेल्या, गौर झोपाळ्यातून उतरवून देवघरात ठेवली गेली, आणि नव्या झाडावरची पहिली कळी फुगून टचटचीत झाली. सकाळपर्यंत ती उमलणार होती. आत्ता तिच्या टोकाशी हिरव्यातून जेमतेम पांढरं दिसत होतं. कड अजून आतच मिटलेली होती.

बाई परसात निरांजन घेऊन आल्या तेव्हा मागं काडी ओढल्याचा आवाज झाला. शिरीषराव उभे होते, पुरते जागे. पेटती काडी त्यांनी वातीला लावली. 

"मला आपोआप काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ठरवून आलोय. ओळ मात्र एकही आठवत नाही."

"मी सांगते. येते तेवढी."

"थांब. आधी एक सांग." ते कळीकडे बघत होते. त्यांनी हात जोडले, मग सोडले, मग पुन्हा जोडले. सवय नसल्यामुळे ते कुठं धरायचे हेच त्यांना कळत नव्हतं. "तुझं विसरणं मला दे, हे मी आधीच मागून बसलोय. आता सकाळी हिलाही कड आली, वैजू, तर मी आणखी काय मागू?"