क्लोराइड नावाची कंपनी

"तिसरा," धुळाजी म्हणाला. "बघ, त्याचाही पटका मागून पांढरा."

सोसायटीच्या ओसरीवरून एक माणूस उठून चालला होता. त्याच्या लाल पटक्यावर मागच्या बाजूला भाकरीएवढा पांढरा डाग होता.

"भिंतीचा चुना लागला असंल," शिवकन्या म्हणाली.

"चुना धुतला की जातो. काकूनं चुलत्याचा पटका दोनदा धुतला, डाग हाय तिथंच. चुना लागला न्हाई, रंगच गेलाय."

एरवी शिवकन्याला गंमत वाटली असती. पण घरी तिचा धाकटा भाऊ सिदू जुलाबानं मलूल पडला होता. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. टँकर वडवणीकडून यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि सगळं गाव तेच प्यायचं. विहिरीत टाकायची दवा तालुक्याहून आली होती. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ यांनी ती टाकलीही होती. तरी घरोघर जुलाब. डॉक्टर सिदूला मीठसाखरेचं पाणी पाजायला सांगून म्हणाले होते, "गावचं पाणी सुधारल्याशिवाय हे थांबणार नाही."

त्यांची मैत्रीण अकबरी मात्र सोसायटीच्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीला नाक लावून उभी होती.

"आता चाटतीस का?" धुळाजीनं विचारलं.

"गप रे. हा वास आमच्या दादाच्या कपड्यांना यायचा."

अकबरीचे दादा, म्हणजे आजोबा जलालुद्दीन, पूर्वी कापड रंगवायचं काम करायचे. नातीनं खरवडून आणलेला चिमूटभर रंग त्यांनी हुंगला आणि मान मागं घेतली.

"रंगकाट हाय ही. जुना रंग उडवायला वापरायचो आमी. माझे उस्ताद सांगायचे, मिठाचं तेजाब जास्तीची हवा प्यालं की त्याचा असा उग्र धूर होतो. तो चुन्यात मुरवला की झाली रंगकाट."

"तो धूर म्हणजे क्लोरीन," शिवकन्या म्हणाली. "पण दादा, त्यात जास्तीची हवाबिवा काही नसती. ते मूलद्रव्य हाय. आमचे सर म्हणाले, आधी शास्त्रज्ञांनापण तसंच वाटायचं. प्राणवायू भरलेलं मिठाचं आम्ल, असं नावच दिलतं त्यांनी. मग एकानं तापून पांढऱ्या झालेल्या कोळशानं त्यातला प्राणवायू काढायला बघितला. निघालाच न्हाई. असता तर निघाला असता ना? मग त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून क्लोरीन नाव ठेवलं."

जलालुद्दीन हसले. "म्हणजे माझे उस्ताद अन् विलायतेतले शहाणे एकाच खड्ड्यात पडलते."

शिवकन्याचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं. "दादा, चुन्यात मुरवलेलं क्लोरीन म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती तर विहिरीत टाकायची असती. मग ती भिंतीवर कावून हाय? अन् विहिरीत काय गेलं?"

तिघंही सोसायटीकडं पळत सुटली.

तिथं धोंडीराम रंगारी मागच्या भिंतीसाठी बादलीत पांढरं पाणी ढवळत होता. शेजारचा ड्रम अर्धा उरला होता, पलीकडं आणखी एक ड्रम होता. ओसरीवर बद्रीनाथ भिंतीला डोकं टेकून बसले होते आणि चेअरमन आप्पा चहा पीत होते.

"धोंडीरामकाका, थांबा," शिवकन्या धापा टाकत म्हणाली. "ती विहिरीची दवा हाय."

"पोरांनो, उन्हात खेळू नका," बद्रीनाथ म्हणाले. "मॅट्रिकपर्यंत विंग्रजी शिकलोय मी. ड्रमवर काय लिवलंय? क्लोराइड ऑफ लाइम. लाइम म्हणजे चुना. क्लोराइड ही कंपनी."

"कंपनी न्हाई काका. क्लोराइड ऑफ लाइम हे ब्लीचिंग पावडरचंच जुनं नाव."

"अन् दुसऱ्या ड्रमवर काय लिवलंय?" अकबरीनं विचारलं.

"त्याची चिठ्ठी गळून पडलती. तालुक्याहून चुना अन् दवा संगंच आली. एकात चुना हाय म्हटल्यावर दुसऱ्यात दवाच असणार."

"काका, जरा पटका काढा," धुळाजी म्हणाला.

"कावून?"

"काढा तर."

बद्रीनाथांनी पटका काढून फिरवला. मागच्या बाजूला भाकरीएवढा पांढरा डाग.

शिवकन्यानं दुसऱ्या ड्रममधली पावडर पाण्यात कालवली आणि पटक्याचं एक टोक त्यात भिजवलं. लाल रंग तसाच राहिला. मग तिनं दुसरं टोक धोंडीरामच्या बादलीत सोडलं. सगळे वाकून बघू लागले. आधी गुलाबी, मग फिकट, मग पांढरं.

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "धोंडीराम, कुंचला ठेव. बद्रीनाथ, आपण गावाला चुन्याचं पाणी पाजलं अन् भिंतीला दवा."

संध्याकाळी अर्ध्या उरलेल्या ड्रममधली पावडर बादल्यांमध्ये कालवली, गाळ बसू दिला आणि वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत ओतलं. रात्रभर कुणी पोहरा टाकला नाही. सकाळी सिदूनं तांब्या तोंडाला लावला आणि नाक मुरडलं.

"पाण्याला वास येतोय."

"येऊ दे," शिवकन्या म्हणाली. "पी."

हळूहळू घरोघरची दुखणी थांबली. सोसायटीच्या बैठकीत आप्पांनी तिघांना पुढं बोलावलं. "आमी नुसतं नाव वाचलं. ह्या पोरांनी नावाच्या आत बघितलं. हुशार हायत."

"अन् मी नवा पटका घेणार न्हाई," बद्रीनाथ म्हणाले. "हा दिसला की अख्खी चिठ्ठी वाचायची आठवण राहील."

तेवढ्यात दारातून सिदू पळत आत आला. शिवकन्यानं त्याला धरायच्या आधीच तो बद्रीनाथांच्या मागं जाऊन उभा राहिला होता.

"काका," तो मोठ्यानं म्हणाला, "तुमच्या डोक्यावर भाकरी हाय."