रिकामी चौकट म्हणजे 'नाही'

तुम्ही विचारता, कॉम्प्युटर शिकवणारा माणूस मेळाव्याची नोंद कागदावर का घेतो. सांगतो. पण मधे हसू नका, हसणारा माणूस मला चालत नाही.

२००९ चा मे महिना. अर्जुनी मोरगावला माझा कॉम्प्युटर क्लास होता. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची यादी छापायला मी भर दुपारी तिथं गेलो. त्याच्या तीन वर्षं आधी, वेब प्रोग्रामिंग नवंनवं शिकलो तेव्हा, नोंदणीचा फॉर्म मीच बनवला होता. इंटरनेट नव्हतंच. लोक क्लासमध्ये यायचे, त्या एकाच कॉम्प्युटरवर नाव, शिक्षण, अपेक्षा भरायचे आणि बटण दाबायचे. माहिती यादीत जाऊन बसायची.

फॉर्मात एक चौकट होती, सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची. आमच्याकडे लग्नाआधी हे विचारावंच लागतं. दोघंही वाहक निघाले तर लेकराला तो आजार होऊ शकतो. हाडं ठणकतात, लेकरू रडून रडून निळं पडतं. आता शिकाऊ माणसाची अक्कल ऐका. चौकटीवर टिचकी मारली तर फॉर्म तसं कळवतो. नाही मारली तर काहीच पाठवत नाही, त्या रकान्याचं नावसुद्धा नाही. माझा प्रोग्राम तिथं अडायचा. म्हणून मी लिहून टाकलं, काही आलं नाही तर 'नाही' धर. प्रोग्राम चालला, मी खूश. ज्यांनी कधी रक्तच तपासलं नव्हतं, त्यांच्यापुढंही पुस्तिकेत 'नाही' छापून आलं.

आमच्या शेजारच्या निर्मलाबाईच्या मुलीचं, रविताचं लग्न त्याच पुस्तिकेतून जमलं. नवरा-नवरी दोघांपुढं 'नाही'. तिची पोरगी दीड वर्षाची होऊन गेली, त्याच आजारानं. मी मातीला गेलो होतो. चूक कोणाची ते मला तिथंच समजलं, आणि मी तोंड शिवून घरी आलो. भेकड होतो, दुसरं काय!

आता माझी सख्खी बहीण, समीक्षा. ती तपासणीत वाहक निघालेली. फेब्रुवारीत जागेश्वरशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला. त्याच्यापुढं 'नाही' होतं, माझ्याच प्रोग्रामनं लिहिलेलं. मी आईला म्हटलं, पोराचं रक्त तपासू.

"नाही म्हून लिहून हाये ना," आई म्हणाली. "मंग कायले त्याच्या घरच्यायले दुखवतं, संजू?"

खरं कारण सांगायचं तर रविताचंही सांगावं लागलं असतं. मी विषय सोडून दिला. लग्नाला बारा दिवस उरले होते.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधार. यादी उघडली, तर शेवटी एक ओळ जास्तीची. नावाचा रकाना रिकामा. आई, समीक्षा. वडील, जागेश्वर. सिकलसेल, हो.

कोणी चावटपणा केला म्हणावं, तर किल्ली एकट्या माझ्याकडे होती. मी ओळ पुसली. यादी पुन्हा उघडली. ओळ तिथंच.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावत थांबला. यूपीएसवर पडदा तेवढा उजळत राहिला. त्या शांततेत कीबोर्डची एक कळ वाजली... थांबून दुसरी. माझे दोन्ही हात मांडीवर होते. आंबट दुधाचा वास यायला लागला, तान्ह्याच्या झबल्याला येतो तसा. कळा हलत नव्हत्या, नुसत्या वाजत होत्या. हळू... चुकतमाकत... आणि त्या ओळीतला 'अपेक्षा'चा रकाना, जिथं लोक 'नोकरीवाला मुलगा' लिहितात, तो भरत गेला.

'मामा... हाडं दुखून राहिली.'

मी चपला तिथंच टाकून पळालो. घरी आई आणि समीक्षासमोर सगळं ओकलो, चौकट, रविता, ती ओळ. आईनं थोबाडीत ठेवून दिली. त्याच दिवशी निर्मलाबाईकडे जाऊन कबूल केलं. तिनं पाणीही विचारलं नाही. बरोबरच केलं तिनं.

जागेश्वर भला पोरगा, कुरकूर न करता त्यानं रक्त दिलं. चार दिवसांनी अहवाल आला. वाहक. दोन्ही घरची माणसं बोलायला बसली आणि सोयरीक मोडली.

"वाचलो बा," आई म्हणाली. "लेकराचे हाल तरी टळले."

मलाही तेच वाटलं. किती दिवसांनी भूक लागली होती.

संध्याकाळी समीक्षा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती खाली बघतच बोलली.

"दादा... त्या ओळीत जन्मतारीख होती का?"

होती. पण ती अजून न आलेल्या दिवसाची होती, म्हणून मी कोणालाच सांगितली नव्हती.

"अकरा डिसेंबर," मी म्हटलं. "ह्याच सालची."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग पहिल्यापासून पुन्हा मोजले. सूप बाजूला सरकवून पोटावर हात ठेवला.

"मी कोणाले सांगतलं नाही, दादा," ती म्हणाली. "त्यालेही नाही..."