चौथ्या कोअरची हजेरी

थंडीत समुद्र गोठणाऱ्या उत्तरेकडच्या औलू बंदराच्या कडेला, जुन्या मिठाच्या गुदामात हिल्काची कार्यशाळा होती. दुपारची कॉफी ओतून झाली होती. तिच्यासोबत काम करणाऱ्या इल्पोने वेलचीचा गोड पाव कापला होता, नेहमीप्रमाणे मोठा तुकडा स्वतःकडे ठेवून. खिडकीबाहेर गोठलेला समुद्र होता, पण धुक्यात तो कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं.

हवेच्या गादीवर बर्फावरून सरकत जाणाऱ्या, बचावपथकाच्या हॉवरक्राफ्टमधली नियंत्रणाची पेटी या दोघांनी बनवली होती. तिच्या कर्नेल या मूळ प्रोग्रामचा अगदी पहिला भाग, म्हणजे वीज आल्यावर यंत्र जागं कसं होतं तो, हिल्काचा. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. वीज आली की प्रोसेसरच्या चार कोअरपैकी, म्हणजे काम करणाऱ्या भागांपैकी, एकच उठतो. घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या माणसासारखी तो मांडामांड करतो आणि मग बाकीच्यांना एकेक करून हाक देतो, मेमरीतल्या अमुक जागेपासून कामाला लाग म्हणून. उठलेला कोअर ‘आहे’ अशी खूण करतो. पहिल्याने रेडिओ सांभाळायचा, दुसऱ्याने पंखा, तिसऱ्याने सुकाणू. चौथाही त्या चिपवर होता, पण तो मुळातच सदोष निघाल्यामुळे कारखान्यातच कायमचा तोडून टाकलेला. त्याला वीजसुद्धा पोचत नसे.

हॉवरक्राफ्ट चालवायचा हिल्काचा धाकटा भाऊ ताउनो. त्या दिवशी तो आणि परिचारिका राइली एका म्हाताऱ्याला आणायला बर्फावर गेले होते. आर्वो त्याचं नाव. बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला असताना त्याच्या छातीत कळ आली होती.

त्याला आत घेतलं आणि परतीच्या वाटेवर पेटी बंद पडली. पुन्हा चालू झाली, पण पहिला कोअर तेवढा उठला. पंखा फिरेना, सुकाणू हलेना. ताउनोने रेडिओवरून हे सगळं शांतपणे सांगितलं. वारा जमिनीकडून सुटलाय आणि बर्फ किनाऱ्यापासून तुटायला लागलंय, हे मात्र त्याने शेवटी सांगितलं, सहज आठवल्यासारखं.

धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. बर्फ फोडणारं जहाज फार लांब होतं. पेटीचा रेडिओ चालू असल्याने तिच्यावर उमटणाऱ्या ओळी हिल्काला इथे बसून दिसत होत्या, तिला हुकूमही देता येत होते. तिने दुसऱ्या कोअरला पुन्हा हाक दिली. थांबण्याची मुदत वाढवली. प्रोसेसरचा वेग उतरवून पाहिला. हाक जात होती, पोचतही होती. उठत कोणी नव्हतं.

इल्पो तिच्या खुर्चीमागे उभा राहून एकेक उपाय सुचवत होता. हळूहळू त्याचे उपाय संपले. हिल्का साधे शब्दही चुकीचे टाइप करायला लागली. लहानपणी ताउनोला पोहायला हिनेच शिकवलं होतं. बर्फाखालच्या पाण्यात पोहण्याचा काही उपयोग नसतो, हेही हिनेच सांगितलं होतं.

“हिल्का,” ताउनो म्हणाला, “खालून आवाज येतोय. राइली विचारतेय, अजून किती वेळ?”

“करतेय रे,” ती म्हणाली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती कीबोर्डवरचे हात उचलून तशीच बसून राहिली.

तेव्हा पडद्यावर ओळ उमटली. कोअर चार: आहे.

इल्पोने हातातला कप सावकाश खाली ठेवला. “याला हाक दिलीस तू?”

“नाही.”

“अगं, देऊन तरी काय होणार होतं? तिथे कोणी नाहीये.”

मग दुसरा उठला. त्याच्या पाठोपाठ तिसरा. प्रत्येकाला कोणी उठवलं ते ओळीत लिहून येतं. दोघांपुढे चौथ्याचा आकडा होता. चौथ्याला कोणी उठवलं, ती जागा कोरी होती. आणि कामाला लागण्याची जी जागा तिघांपुढे दिसत होती, तिथपर्यंत पोचेल एवढी मेमरी त्या पेटीत नव्हतीच.

रेडिओवर पंख्याची घरघर ऐकू आली. राइली हसली की रडली ते कळलं नाही.

“बंद कर,” इल्पो म्हणाला. “सुकाणू कोणाच्या हातात आहे ते आपल्याला माहीत नाही.”

“बंद केलं तर कोणाच्याच हातात राहणार नाही.”

“हिल्का, ऐक माझं.”

तिने ऐकलं नाही.

“सुकाणूचं चाक आपोआप फिरतंय,” ताउनोचा आवाज आला. “किनारा उजवीकडे आहे आणि हे डावीकडे चाललंय. जोर लावून वळवू का?”

हिल्का रेडिओजवळ वाकली. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तिचा भाऊ गेला असता, आणि कोणता शब्द बरोबर ते सांगणारं कोणी नव्हतं.

“हात काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“चाकावरचा हात काढ, ताउनो.”

त्यानंतर फक्त पंखा ऐकू येत राहिला.

ते आले. लांबचा वळसा घेऊन, भलत्याच बाजूने, पण धक्क्याला लागले. उजवीकडची सरळ वाट केव्हाच फुटली होती आणि तिथे काळं पाणी उघडं पडलं होतं, हे धुकं विरल्यावर सगळ्यांनी पाहिलं. हिल्का भावाला घट्ट धरून रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला, बराच वेळ, जराही न हलवता.

पेटी टेबलावर आणून तिने परत परत चालू केली. दर वेळी तीनच कोअर उठले. चौथा मेलेला तो मेलेलाच होता.

पुढे एका लख्ख दुपारी आर्वो बरा होऊन धक्क्यावर आला. आभार मानायला त्याने धुरावर शेकलेले मासे आणले होते. ताउनो हॉवरक्राफ्टवर वाकून पंखा पुसत होता. राइली औषधांची पेटी भरत होती. हिल्का कॉफीला बोलवायला कार्यशाळेच्या दारात आली.

तिने श्वास घेतला. हाक अजून तोंडातच होती.

“आहे,” ताउनो म्हणाला. वळून न पाहता.

“आहे,” राइली म्हणाली.

“आहे,” म्हातारा आर्वो म्हणाला.

मग तिघंही हातातलं काम थांबवून उभे राहिले आणि जरा जरा बाजूला सरकले, मधे चौथ्या एका माणसाची जागा सोडून.